बहात्तर पावलं

पाऊस सोमवारी थांबला. बुधवारी सकाळपर्यंत रस्त्यापलीकडे लोवेल बॉकलमनची शेतं उघडी पडली, त्याच्या पलीकडची पडली, आणि आमचं खालचं चाळीस एकर तसंच राहिलं. त्यात आभाळ दिसत होतं. दोन पानांवर आलेलं सोयाबीन त्या आभाळाखाली बुडालं होतं, आणि पाण्याखाली सोयाबीन तीन दिवस तग धरतं, फार तर चार. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. तरी सकाळपासून तिघांनी फोन करून सांगितलं.

आमच्या या भागात पाणी आपणहून कुठेच जात नाही. हिमयुगातला बर्फ वितळून झालेलं तळं इथे होतं, ते केव्हाच आटलं, पण तळ मात्र मागे ठेवून गेलं: काळी, चिकट, मैलभरात हातभरही उतार नसलेली जमीन. आमच्या आधीच्या लोकांनी कुदळी-फावड्यांनी चर खणले आणि साडेतीन फूट खाली भाजक्या मातीच्या नळ्या एकीला एक लावून पुरल्या. बारक्या नळ्या मोठ्या नळीला मिळतात, मोठी नळी शेताच्या कडेच्या उघड्या चराला. नळी चालू आहे तोवर शेत. नळी बंद पडली की चिबड, मग तिथे बेडकांनी राहावं.

आमची मोठी नळी कुठेतरी फुटली होती किंवा तुंबली होती. कुठे, हे कळायला आधी ती जाते कुठून हे कळायला हवं होतं. आणि ते जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. तो माणूस त्या वेळी स्वयंपाकघरात बसून उजव्या पायात दुसरा मोजा चढवत होता. पहिलाही उजव्याच पायात होता.

माझे वडील, ओर्लन गॅथमन. वय शहाऐंशी. पन्नास वर्षं आजूबाजूचे लोक त्यांच्याकडे नळी शोधायला यायचे. त्यांची एक लोखंडी सळई होती, वर आडवी मूठ जोडलेली. लोक तासभर जमीन टोचत बसायचे. डॅड उभं राहून एकदा इकडे बघायचे, एकदा तिकडे, आणि सळई एकदाच खाली घालायचे. टक. खाली नळी. इतरांकडे कागदावर नकाशे असतात, पिढ्यानपिढ्या फडताळात जपलेले. डॅडना नकाशाचा तिटकारा होता. म्हणायचे, “नकाशा पाहुण्याला लागतो. स्वतःच्या घरात संडासाला जायला तू नकाशा घेऊन जातेस का?”

नळीचं तोंड चराच्या काठाला दिसायचं, तेही तीन वर्षांपूर्वी गेलं. काठ ढासळला, चरांची देखभाल करणाऱ्या लोकांनी येऊन पाव मैलभर मोठाले दगड टाकले, तोंड त्याखाली गाडलं गेलं. तिथे एक खूण तरी रोवू, असं मी म्हटलं होतं. डॅड म्हणाले, “मी आहे ना.”

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या डोक्याबद्दल जे सांगायचं ते सांगितलं. त्याच आठवड्यात मी त्यांना शेतात न्यायला हवं होतं. हातात झेंड्या द्यायच्या आणि म्हणायचं, डॅड, चाला, जिथे जिथे नळी तिथे तिथे झेंडी रोवा. एका दुपारचं काम. पण मी तसं विचारलं असतं तर का विचारते आहे हे त्यांना कळलं असतं. म्हणून नाही विचारलं. त्यांना बरं वाटावं म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर त्यांच्या तोंडाकडे बघायची माझी छाती नव्हती.

“डॅड, खालच्या चाळीसात पाणी तुंबलंय.”

“तुंबणारच. मोठी नळी बसली असेल.” हे अगदी पूर्वीच्या आवाजात.

“मोठी नळी कुठून जाते?”

त्यांनी मान वर केली. “शेती करतेस ना गं तू? आणि नळी कुठून जाते ते ठाऊक नाही?”

“तुम्ही कधी सांगितलं नाहीत.”

“तू कधी विचारलं नाहीस.”

मी खाली बसून त्यांच्या उजव्या पायातला एक मोजा काढला आणि डाव्यात घातला.

“मक्याची कोठी आहे ना,” डॅड माझ्या डोक्यावरून खिडकीकडे बघत म्हणाले, “तिच्या दक्षिणेच्या कोपऱ्यापासून बहात्तर पावलं. एल्मच्या झाडापाशी थांबायचं. मग चर्चचा मनोरा नाकासमोर धरून चालायचं. मोठी नळी तुझ्या पायांखालीच असते. थेट ओढ्यापर्यंत.”

बहात्तर. आज वार कुठला ते या माणसाला सांगता येत नव्हतं. सकाळी त्यांनी दाताचा ब्रश लोण्यात बुडवला होता. आणि बहात्तर! मला इतका आनंद झाला की मी कॅलेंडरच्या मागे ते लिहून काढलं, तारखेसकट, आणि कॅलेंडर काढून खिशात कोंबलं. चराला ते ओढा म्हणाले, तिकडे मी लक्षच दिलं नाही.

लोवेल खोदायचं मशीन घेऊन आला. लोवेल आणि मी शाळेच्या एकाच बसमधून गेलो, तेव्हापासून तो माझ्या शेजारी बसून मला शहाणपणा शिकवतो आहे. मशीनवरून उतरताना त्याच्या हातात दोन वाकवलेल्या तारा होत्या. त्या हातात सैल धरून चालायचं, नळीवर आलं की तारा आपोआप एकमेकींवर येतात, अशी इथल्या अर्ध्या लोकांची खात्री आहे.

“ठेव त्या तारा गाडीत,” मी म्हटलं. “पास्टरने बघितल्या तर चर्चमधून नाव काढून टाकेल तुझं.”

“पास्टरच्या परसातली नळी मीच काढून दिली, याच तारांनी.”

“त्यांच्या परसात सगळीकडेच नळ्या आहेत. डोळे मिटून खणलं तरी सापडेल.”

“मग आज तू डोळे मिटून खण,” लोवेल म्हणाला. “ओर्लन, कसे आहात? ओळखलंत का मला?”

“तुला न ओळखायला काय झालं? बॉकलमनांचं नाक मैलावरून दिसतं,” डॅड म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो. त्या दिवशी सकाळी सगळंच जमून येईल असं वाटत होतं, हे मला कबूल केलं पाहिजे.

आमची मक्याची कोठी चौऱ्याण्णव साली पाडली, पण तिचा सिमेंटचा पाया तुतीच्या झुडपांत अजून आहे. दक्षिणेचा कोपरा मी पायाने साफ केला. तिथून बहात्तर पावलं. एल्म नाही, एल्म कोणाकडेच उरले नाहीत, सगळे रोगाने गेले. पण चर्चचा मनोरा समोर स्वच्छ दिसत होता. डॅड मशीनच्या पुढे चालत होते, पाठीमागे हात बांधून, मुकादमासारखे. वाफसा नसताना जमिनीवर चाक घालायचं नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. वाफसा नसताना चिखल तुडवला की ती माती पुढची दहा वर्षं विटेसारखी राहते. त्या दिवशी त्यांच्यामागे चाकांचे दोन खोल चर पडत होते आणि ते मागे वळूनही बघत नव्हते.

पहिला खड्डा. दोन फुटांपर्यंत काळी माती, मग करडी, मग निळसर, बर्फाने ठेवली होती तशीच्या तशी. चार फुटांवर गेलो. काही नाही. खड्डा आमच्या डोळ्यांदेखत पाण्याने भरला.

“दोन हात पश्चिमेला,” डॅड म्हणाले.

दुसरा खड्डा. काही नाही. लोवेलने मशीनवरून उतरून तारा काढल्या, मी बाजूला झाले. तारा एकमेकींवर आल्या. तिथे तिसरा खड्डा खणला. तिथेही निळी माती.

डॅडचा चेहरा लाल झाला होता. “कोणी तरी नळी चोरली,” ते म्हणाले.

“साडेतीन फूट खालून?” लोवेल म्हणाला. “चोर बराच कष्टाळू असला पाहिजे, ओर्लन.”

डॅड हसले, पण लगेच थांबले आणि आपल्या हातांकडे बघू लागले. त्यांना काहीतरी चुकतंय हे कळत होतं. काय ते कळत नव्हतं. मला ते बघवेना, म्हणून मी सळई घेऊन उगीचच जमीन टोचत सुटले. ओल्या मातीत सळई लोण्यात जावी तशी जात होती. कुठेही टक झालं नाही.

दुपारी लोवेलच्या बायकोने, ट्वायलाने, हॅमचे सँडविच पाठवले होते. डॅड उलट्या बादलीवर बसले, आम्ही मशीनच्या पायरीवर. समोर पाणी. सोयाबीनची टोकं सकाळी हिरवी दिसत होती, ती आता पिवळट वाटत होती. कदाचित ऊन असेल, असं मी मनाशी म्हटलं.

“असं करा,” डॅड घास गिळून म्हणाले. “उलटीकडून या. लोखंडी पुलाखाली नळीचं तोंड आहे. तिथून मागे मागे येत राहा. पपा संध्याकाळी तिथेच बसून पाय धुतात.”

लोवेल चावायचा थांबला.

“कुठला लोखंडी पूल, डॅड?” मी विचारलं. आमच्या शेतात पूल नाही. कधीच नव्हता.

“लोखंडी पूल माझ्याकडे होता, रोंडा,” लोवेल हळूच म्हणाला. तो माझ्याकडे नाही, हातातल्या सँडविचकडे बघत होता. “ओढ्यावर. एक्क्याण्णव साली काढला आम्ही.”

लोवेलची शेती म्हणजे आधी आमच्या आजोबांची. डॅड तिथेच जन्मले. त्यांचे वडील आणि ते, दोघांनी मिळून तिथली नळी घातली, डॅड तेव्हा सतरा वर्षांचे होते. अठ्ठावन्न साली आजोबांनी ती जागा लोवेलच्या आजोबांना विकली. चार वर्षांनी डॅडनी रस्त्याच्या या बाजूची ही शेती घेतली, क्रूझ नावाच्या म्हातारीकडून, आणि इथली नळी त्यांनी एकट्याने, एका हिवाळ्यात, जमीन टोचत टोचत शोधून काढली. पुढे सत्तावन्न वर्षं ते इथे राबले. ते सगळं गेलं होतं. त्यांच्या डोक्यात समोरची शेती तेवढी उरली होती, कोठी, एल्म आणि पुलासकट.

म्हणजे सकाळपासून आम्ही आमच्या शेतात दुसऱ्याची नळी शोधत होतो.

मला राग आला. कोणावर ते सांगता येत नाही. मी डॅडसमोर गुडघ्यावर बसले, चिखलातच.

“डॅड, ती नाही. इथली. क्रूझबाईंकडून घेतलेली. बासष्ट साली तुम्ही हिवाळाभर खणत होतात, आई डब्यात सूप आणून द्यायची. ती नळी.”

“तेच तर सांगतोय,” डॅड म्हणाले. “कोठीपासून बहात्तर.”

“ती कोठी नाही, डॅड.”

“कोठी एकच आहे, पोरी.” आणि त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं, मीच गोंधळले आहे असं समजून.

लोवेलने टोपी काढून परत घातली. “माझ्या पुढच्या तुकड्यात तो ओला डाग आहे ना,” तो म्हणाला, “दर वर्षी मशीन रुततं तो... म्हणजे, आत्ता हे विचारणं बरं नाही, पण...”

“विचारू नकोस,” मी म्हटलं. “चल घेऊन त्यांना तिकडे. कोणाचं तरी भलं होऊ दे.”

रस्ता ओलांडून आम्ही लोवेलच्या आवारात आलो. त्याची मक्याची कोठी अजून उभी आहे, आत तो गवत कापायचं मशीन ठेवतो. डॅड गाडीतून उतरले आणि कोणाला न विचारता सरळ तिच्याकडे गेले. दक्षिणेच्या कोपऱ्यावरच्या लाकडावर त्यांनी तळवा ठेवला. क्षणभर तसेच उभे राहिले. मग चालायला लागले, मोठ्याने मोजत, गुडघे उचलून लांब लांब ढांगा टाकत. मी कित्येक वर्षांत त्यांना असं चालताना पाहिलं नव्हतं. घरात ते भिंतीला धरून चालतात.

“सत्तर, एकाहत्तर, बहात्तर.” ते थांबले. “एल्म कुठे गेला?”

“पडला तो, ओर्लन,” लोवेल म्हणाला.

डॅडनी खाली आपल्या बुटांकडे पाहिलं. “पाय आखूड झाले,” ते म्हणाले, आणि न मोजता आणखी आठ-नऊ पावलं टाकली. मग चर्चच्या मनोऱ्याकडे तोंड केलं, थोडे चालले, थोडे डावीकडे सरकले. “इथे.”

सळई माझ्याच हातात होती. मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिच्यावर भार टाकला.

टक.

लोवेलने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

साडेतीन फुटांवर नळी निघाली, नारिंगी, कालच भाजून काढल्यासारखी. चार नळ्या धड होत्या, पाचवी दबली होती आणि आतून मुळांनी गच्च भरली होती. लोवेल खड्ड्यात उतरला आणि तो मुळांचा जुडगा दोन्ही हातांनी धरून खेचायला लागला. तो येता येईना. मग एकदम आला, घोड्याच्या शेपटीएवढा, आणि लोवेल चिखलात बसला. नळीतून डचमळल्यासारखा आवाज झाला आणि पाणी वाहू लागलं. आधी गढूळ, मग हळूहळू नितळ. वरच्या ओल्या डागातलं साचलेलं पाणी हललं, काडीकचरा एका दिशेने सरकू लागला.

“बघ!” डॅड ओरडले. “बघ, बघ, चाललं!” ते खड्ड्याच्या काठावर बसले, वाकून त्यांनी दोन्ही हात त्या पाण्यात बुडवले. “किती थंड आहे! पोरी, हात लावून बघ.”

मी हात लावला. थंड होतं. डॅडचे डोळे चमकत होते, अंगभर चिखल होता, आणि दोन वर्षांत त्यांना इतकं बरं वाटलेलं मी पाहिलं नव्हतं. मला त्यांच्यासाठी खरंच आनंद झाला आणि त्याच वेळी त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

लोवेल वर आला. त्याने डॅडचा हात हातात घेतला. “वीस वर्षं शोधतोय मी ही, ओर्लन. उपकार झाले.”

“विचारायचं होतंस की.”

“हो,” लोवेल म्हणाला. मग माझ्या बाजूला येऊन खालच्या आवाजात, “उद्या परत तुझ्याकडे येतो. सकाळी लवकर. दहा-दहा फुटांवर टोचत जाऊ. आणखी एक सळई आहे माझ्याकडे.”

“ये,” मी म्हटलं.

चाळीस एकर दहा-दहा फुटांवर टोचायचं म्हणजे किती वेळा टोचायचं हे त्यालाही ठाऊक होतं. उद्या गुरुवार. शुक्रवारी परत पाऊस सांगितला होता. सोयाबीन तर गेलंच होतं. पण या वर्षीचं पीक गेलं तर पुढच्या वर्षी येतं. नळी गेली तर त्या चाळीस एकरात पुन्हा काही येणार नव्हतं. ती नळी अजूनही तिथेच होती, साडेतीन फूट खाली, डॅडनी बासष्ट साली शोधून काढली तशी. तिच्यावर कुठेतरी मी रोज चालत होते.

ऊन कलायला लागलं होतं. डॅड उठले, कंबर सरळ केली, आणि डोळ्यांवर हात धरून त्यांनी रस्त्यापलीकडे बघितलं. तिथे आमचं शेत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चमकत होतं. त्यांनी जीभ टाळ्याला लावून च् च् केलं.

“कोणाचं गं ते शेत?”

मी लोवेलकडे बघितलं. लोवेल खड्ड्यात बघत होता.

“आहे एकीचं,” मी म्हटलं.

“सगळं बुडालं बिचारीचं. नळी कुठून जाते तेही ठाऊक नसेल तिला.” डॅड बराच वेळ बघत राहिले. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. मग माझ्याकडे वळले. “तू जाऊन सांग तिला. लाजतात लोक विचारायला. घरात बाप असेल तर त्याला विचारून घे म्हणावं. बापाला ठाऊक असतं.”

“सांगते,” मी म्हटलं, आणि त्यांचे चिखलाचे हात माझ्या शर्टाला पुसले.